पंचावन्नची पाटी उतरते तेव्हा

घर तुमचं. पैसे मोजून घेतलेलं, कागदपत्रं तुमच्या नावावर. तरीही तुमचा दहा वर्षांचा नातू तिथे कायमचा राहायला येऊ शकत नाही. मग एक दिवस दारात नोटीस येते: आणखी काही महिन्यांनी इथे कोणत्याही वयाच्या माणसाला घर घेता येईल. आता नातू येऊ शकतो, आणि शेजारच्या घरात तीन मुलांचं कुटुंबही येऊ शकतं. आधीची बंदी कोणी घातली होती? ती उठवायचा अधिकार कोणाचा? आणि घर ज्याचं, त्याला या दोन्ही वेळा कोणी विचारलं का?

कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, ॲरिझोना या अमेरिकी राज्यांत 'मोबाइल होम पार्क' नावाच्या वसाहती ठिकठिकाणी आहेत. त्यांतल्या बऱ्याच वसाहतींच्या फाटकावर '५५+' अशी पाटी असते. मुलांकडे अमेरिकेत काही महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांनी ती येता-जाता पाहिलीही असेल. ही पाटी उतरवून पार्क सगळ्यांना खुलं करायचं म्हटलं की त्यात पार्कमालक, रहिवासी, नगरपालिका आणि केंद्राचा कायदा असे चौघे येतात. कोणाची बाजू कुठवर चालते हे कळायला सुरुवात जमिनीपासून करावी लागते.

नावाला फिरतं, एरवी जागच्या जागी

मोबाइल होम कारखान्यात तयार होतं. खाली पोलादी सांगाडा आणि त्यावर भिंती, छप्पर, ओटा, न्हाणीघर असं सगळं बसवून ते ट्रकने ओढत आणतात. घर मोठं असेल तर दोन भाग वेगवेगळे आणून जागेवर जोडतात. मग चाकं निघतात, खाली टेकू लागतात, पाणी, वीज आणि मैल्याच्या जोडण्या होतात आणि खालची पोकळी चारी बाजूंनी झाकली जाते. १५ जून १९७६ पासून ही घरं केंद्र सरकारच्या बांधकाम-नियमांप्रमाणेच बनवावी लागतात. त्याची खूण म्हणून घराच्या प्रत्येक भागाच्या मागच्या टोकाला लाल रंगाची छोटी धातूची पट्टी ठोकलेली असते. सरकारी कागदांत त्यांना आता 'मॅन्युफॅक्चर्ड होम' म्हणतात, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं आहे.

अशी घरं बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीवर उभी असतात. घर रहिवाशाचं, जमीन पार्कमालकाची. रहिवासी दरमहा जागेचं भाडं भरतो आणि पार्कचे नियम पाळतो. नियम पटले नाहीत तर घर उचलून दुसरीकडे जावं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण हलवण्याचा खर्च घराच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो आणि जुनं घर घ्यायला दुसरं पार्क सहसा तयार नसतं. 'यी विरुद्ध एस्कॉन्डिडो शहर' या १९९२ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं आहे की 'मोबाइल' हे नाव काहीसं फसवं आहे आणि शंभरातलं एखादंच घर पुढे कधी हलवलं जातं. म्हणजे भाडं वाढलं, नियम बदलले, शेजार बदलला, तरी रहिवाशाला उठून जाणं परवडत नाही. वयाच्या अटीवरून होणाऱ्या भांडणांना धार येते ती यामुळे.

मूळ नियम सर्वांना घर देण्याचा

अमेरिकेतला घरांबाबतच्या समान वागणुकीचा कायदा, 'फेअर हाउसिंग ॲक्ट', १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारायला त्याने बंदी घातली. १९७४ मध्ये त्यात स्त्री-पुरुष भेदाची भर पडली. मुलं असलेल्या कुटुंबांना मात्र या कायद्याचं संरक्षण नव्हतं. 'लहान मुलं चालणार नाहीत' असं घरमालक उघड सांगत.

हे १९८८ च्या दुरुस्तीने बदललं. १८ वर्षांखालचं मूल घरात आहे म्हणून, किंवा बाई गरोदर आहे म्हणून घर नाकारणं बेकायदा ठरलं. १२ मार्च १९८९ पासून ही दुरुस्ती लागू झाली. पण मग निवृत्त लोकांच्या वसाहतींचं काय? त्यांच्यासाठी कायद्याने अपवाद ठेवले. काही खास सरकारी योजनांतली घरं सोडली तर त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात वसाहतीतला प्रत्येक रहिवासी ६२ किंवा त्याहून मोठा हवा. दुसरा थोडा सैल, म्हणजे '५५+'. मोबाइल होम पार्कांत जास्त दिसतो तो हा दुसरा.

सुरुवातीला ५५+ साठी वृद्धांकरता खास सोयी-सुविधा असणंही सक्तीचं होतं. नेमक्या कोणत्या सोयी पुरेशा धरायच्या, यावर इतके वाद झाले की डिसेंबर १९९५ च्या कायद्याने ती अटच काढून टाकली. उरल्या तीन अटी. राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत निदान एक माणूस ५५ किंवा त्याहून मोठा हवा. वसाहत ज्येष्ठांसाठीच चालवण्याचा इरादा नियमांत, जाहिरातीत आणि रोजच्या वागण्यात दिसला पाहिजे. आणि रहिवाशांच्या वयाची वेळोवेळी पडताळणी झाली पाहिजे.

यातली खुबी अशी, की '५५+' हा एकदा मिळवून भिंतीवर टांगायचा परवाना नाही. कायद्याचा मूळ नियम सर्वांना घर देण्याचा. ज्येष्ठांचं पार्क हा त्यातला अपवाद, आणि तिन्ही अटी पाळत राहिलं तरच तो टिकतो.

८० टक्क्यांचं गणित

समजा, एका पार्कात २०० जागा आहेत. दहा रिकाम्या, म्हणजे राहती घरं १९०. टक्केवारी राहत्या घरांवर काढायची, म्हणून १९० चे ८० टक्के, १५२. इतक्या घरांत पंचावन्नच्या पुढचं निदान एक माणूस हवं.

आता त्या १५२ पैकी एका घरात ७१ वर्षांचा नवरा आणि ५२ वर्षांची बायको राहते. घर नियमात बसतं, कारण एकाचं वय पुरेसं आहे. नवरा वारला की त्याच दिवशी ते घर दुसऱ्या बाजूला जातं. आकडा १५१ होतो, टक्केवारी ८० च्या खाली घसरते आणि अपवादाचं संरक्षण धोक्यात येतं. म्हणून शहाणा व्यवस्थापक उरलेल्या २० टक्क्यांत तरुण कुटुंबं भरत बसत नाही. मागे राहिलेला जोडीदार, वारसाने घर मिळालेला मुलगा, अशांसाठी तो ती सूट राखून ठेवतो.

मोजणीत आणखी बारकावे आहेत. पार्कात कामाला असलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याचं घर हिशेबात धरत नाहीत. हिवाळ्यापुरता येणारा म्हातारा उन्हाळ्यात घर बंद करून गेला, पण ते भाड्याने दिलं नाही आणि दरवर्षी परत येतो, तर त्याचं घर राहतं धरतात. वय सिद्ध करायला वाहन परवाना, पासपोर्ट, जन्मदाखला यांपैकी काहीही चालतं. घरातल्या एखाद्या प्रौढाने सही करून दिलेलं निवेदनही चालतं. ही माहिती किमान दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते.

शब्दांनाही किंमत आहे. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याला सगळे 'हड' म्हणतात. त्याचे नियम स्पष्ट सांगतात की जाहिरातीत 'ॲडल्ट कम्युनिटी' किंवा 'ॲडल्ट लिव्हिंग' असं लिहिणं ज्येष्ठांसाठीच्या इराद्याशी जुळत नाही. मुलं नकोत एवढंच म्हणणं आणि वसाहत वृद्धांसाठी चालवणं यांत कायदा फरक करतो.

दुसरीकडे, कायदा घरागणिक एकच ज्येष्ठ मागतो. बाकीच्यांचं वय काय असावं हे पार्क आपल्या नियमांत ठरवतं, आणि बरीच पार्कं तिथे जास्त कडक असतात. सुरुवातीच्या प्रश्नातल्या नातवाला अडवतो तो बहुधा पार्कचा हा नियम. पाहुणा म्हणून मात्र तो येऊ शकतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार सलग २० दिवस किंवा वर्षात एकूण ३० दिवसांपर्यंत राहिलेल्या पाहुण्यासाठी पार्क वेगळं शुल्क लावू शकत नाही.

पाटी उतरवायची कशी?

अपवाद सोडून द्यायला केंद्राच्या कायद्यात कोणाचीही परवानगी लागत नाही. मालकाने वयाची अट लावणं थांबवलं, जाहिराती आणि अर्जाचे नमुने बदलले, की पार्क आपोआप मूळ नियमाखाली येतं.

राज्यांचे कायदे मात्र थोडा वेळ मागतात. कॅलिफोर्नियात मोबाइल होम रहिवाशांसाठी वेगळा कायदा आहे. त्यानुसार पार्कचा नियम बदलण्याआधी मालकाला रहिवाशांची बैठक घ्यावी लागते आणि तिची लेखी सूचना किमान दहा दिवस आधी द्यावी लागते. बैठकीनंतर ज्याची संमती असेल त्याला नवा नियम लगेच लागू होतो. ज्याची नसेल त्याला लेखी नोटीस देऊन सहा महिन्यांनी. फ्लोरिडात नियमबदलाची नोटीस ९० दिवसांची. या बैठकीत मतदान होत नाही हे लक्षात घ्यायला हवं. मालकाने ऐकून घ्यायचं असतं, ऐकायलाच पाहिजे असं नाही. रहिवाशांच्या हातात खरं वजन येतं ते दोन प्रसंगी. भाडेकरारातच ५५+ चं लेखी आश्वासन असेल तर करारभंगाचा मुद्दा निघू शकतो. किंवा रहिवाशांनी सहकारी संस्था करून पार्कच विकत घेतलेलं असेल, तर निर्णय त्यांच्याच सभेत होतो.

मालकाला बदल का हवा असतो? सरळ हिशेब आहे. पंचावन्नच्या वरचे गिऱ्हाईक थोडे, सगळ्या वयांचे पुष्कळ. गिऱ्हाईक वाढलं की रिकाम्या जागा भरतात आणि नव्या रहिवाशाकडून जास्त भाडं मागता येतं. गंमत म्हणजे हाच हिशेब काही रहिवाशांनाही पटतो. घर विकायला काढलेल्याला जास्त गिऱ्हाईक हवंच असतं. ज्याला मरेपर्यंत तिथेच राहायचं आहे, त्याला शांतता आणि ओळखीचा शेजार हवा असतो. त्यामुळे एकाच गल्लीत दोन तट पडतात.

कधी अट कोणी न सोडताही सुटते. वयाचे कागद अद्ययावत नाहीत, एखाद्या गिऱ्हाइकासाठी नियम वाकवला, टक्का घसरला. अशा पार्काने मुलं असलेल्या कुटुंबाला नाकारलं तर ते कुटुंब वर्षभरात 'हड'कडे तक्रार करू शकतं किंवा दोन वर्षांत कोर्टात जाऊ शकतं, आणि अपवाद लागू होता हे सिद्ध करायचं काम पार्कावर येतं.

ॲरिझोनातलं यंगटाउन हे गाव याचं बोलकं उदाहरण आहे. तिथे मोबाइल होम पार्क नव्हतं, साधी घरं होती, पण प्रश्न तोच. १९५४ मध्ये वसलेलं हे गाव खास निवृत्तांसाठी उभारलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतींपैकी. शेजारचं प्रसिद्ध सन सिटी त्यानंतर, १९६० मध्ये उघडलं. एका शाळकरी नातवाला आजी-आजोबांकडे राहू द्यायचं की नाही यावरून वाद पेटला. गावाने वयाची अट मुळात रीतसर लावलीच नव्हती, असं राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीत दिसून आलं आणि १९९८ मध्ये ती अट गेली. सन सिटी आजही ५५+ आहे. यंगटाउनमध्ये शाळेत जाणारी मुलं राहतात.

दुधाचं दही

दुधाचं दही होतं, दह्याचं दूध होत नाही. ५५+ पार्क सर्वांना खुलं करणं हे असं विरजण आहे. चार महिन्यांनी मालकाचं मन बदललं तरी परतीची वाट जवळजवळ बंद असते.

कारण असं. पुन्हा ५५+ व्हायचं तर ८० टक्के घरांत ज्येष्ठ हवेत. तिथवर पोचायचं तर येणाऱ्या तरुण कुटुंबांना नाही म्हणावं लागेल. पण ८० टक्के गाठेपर्यंत पार्काला अपवाद लागू नाही, म्हणजे नाही म्हणणंच बेकायदा. १९९९ मध्ये नवे नियम आले तेव्हा अशा वसाहतींना ज्येष्ठांसाठीच्या होण्याकरता एका वर्षाची मुदत मिळाली होती. ती मे २००० मध्ये संपली. आता ५५+ ची सुरुवात करता येते ती नव्या बांधलेल्या वसाहतीत, किंवा दुरुस्तीसाठी किमान ९० दिवस पूर्ण रिकाम्या ठेवलेल्या वसाहतीत. माणसांनी भरलेलं पार्क तीन महिने रिकामं करणं कोणत्याही मालकाला परवडणारं नाही.

एकेका पार्कच्या अशा निर्णयाने शहरातली ज्येष्ठांची घरं कायमची कमी होत जातात. म्हणूनच या वादात नगरपालिका उतरल्या.

नगरपालिकेला मध्ये पडता येतं का?

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत, डोंगराच्या पायथ्याशी युकाइपा हे छोटं शहर आहे. तिथे मोबाइल होम पार्कं पुष्कळ, आणि त्यांतली बरीच ज्येष्ठांची. शहराने जमीन-वापराच्या नियमांत बदल करून ठरवलं की जी पार्कं आज ज्येष्ठांची आहेत, ती सर्व वयांसाठी खुली करता येणार नाहीत. पार्कमालक केंद्राच्या न्यायालयात गेले. कुटुंबांना घरं द्यायला आम्ही तयार आहोत आणि शहर आम्हाला भेदभाव करायला लावतं आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय अपवादासाठी इरादा लागतो तो पार्क चालवणाऱ्याचा. आमचा तसा इरादाच नसेल, तर शहराचा इरादा काय कामाचा?

२०१२ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. 'पटनम फॅमिली पार्टनरशिप विरुद्ध युकाइपा शहर' या नावाने तो निकाल ओळखला जातो. न्यायालय म्हणालं की ज्येष्ठांची वसाहत टिकवण्याचा इरादा शहराच्या नियमांतूनही व्यक्त होऊ शकतो. 'हड'च्या नियमांत ज्येष्ठांच्या वसाहतीची जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत मोबाइल होम पार्कसोबत नगरपालिकेने आखून दिलेला भागही आहे. या न्यायालयाचा अधिकार पश्चिमेकडच्या राज्यांवर चालतो, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या इतर शहरांनाही असे नियम करायला आधार मिळाला.

पण या अधिकाराला मर्यादा आहे. जे पार्क आधीच ज्येष्ठांचं आहे तेवढंच शहर राखू शकतं. सर्वांना खुलं झालेलं पार्क नव्या नियमाने मागे खेचता येत नाही. म्हणून सहा महिन्यांची नोटीस लागली की शहरांची धावपळ होते. त्या मुदतीत ठराव झाला नाही तर पुढे राखायला काही उरत नाही.

पाटी उतरल्यावर

पार्क खुलं झालं म्हणून जुन्या रहिवाशांना कोणी घालवत नाही. घरं त्यांचीच राहतात, करार चालू राहतात. बदल जाणवतो तो रोजच्या नियमांत. ज्येष्ठांच्या पार्कात पोहण्याच्या तलावावर 'मुलांना बंदी' अशी पाटी चालते. सर्वांसाठीच्या पार्कात तीच पाटी भेदभाव ठरू शकते. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध प्लाझा मोबाइल इस्टेट्स' या २००३ च्या कॅलिफोर्नियातल्या खटल्यात मुलांवर खास बंधनं घालणारे पार्कचे नियम न्यायालयाने बेकायदा ठरवले. सुरक्षेचे नियम करता येतात, पण ते सर्वांना सारखे हवेत. 'मुलांनी गल्लीत सायकल चालवू नये' हे अडचणीत आणतं. 'गल्लीत कोणीही वेगात सायकल चालवू नये' यात भेदभाव नाही.

एका घरात किती माणसं असावीत याला वाजवी मर्यादा घालता येते. एका झोपायच्या खोलीला दोन माणसं हा हिशेब 'हड' साधारणपणे वाजवी धरतं. खेळाचं मैदान बांधायला केंद्राचा हा कायदा सांगत नाही. म्हणून पुष्कळदा असं होतं की मुलं येतात, पण गल्ल्या, दिवे आणि सामाईक सभागृह पूर्वीसारखंच म्हाताऱ्यांच्या वेळापत्रकावर चालत राहतं. तक्रारी तिथून सुरू होतात.

या वादात खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही. स्वस्त घर निवृत्तांना हवं आहे तसंच दोन मुलांच्या तरुण जोडप्यालाही. कायद्याने दोघांची गरज मानली, पण निर्णयाची किल्ली मात्र जमिनीच्या मालकाच्या हातात दिली. शहर वेळेवर मध्ये पडलं किंवा रहिवाशांनी पार्क विकत घेतलं, तरच ती किल्ली हात बदलते. अशा पार्कात नातेवाईक घर घेत असतील, तर भाड्याच्या आकड्याइतकंच बारकाईने हेही विचारून घ्यावं: वयाची अट करारात लिहिली आहे का, शहराचा तसा नियम आहे का, आणि वयाची शेवटची पडताळणी कधी झाली?

थोडक्यात

• मोबाइल होम पार्कात घर रहिवाशाचं, जमीन मालकाची. घर हलवणं महाग, म्हणून नियम बदलले तरी रहिवासी सहसा तिथेच राहतो.

• कायद्याचा मूळ नियम मुलांसह सर्वांना घर देण्याचा. ५५+ हा त्यातला अपवाद: ८० टक्के राहत्या घरांत एक ज्येष्ठ, स्पष्ट इरादा आणि दर दोन वर्षांनी पडताळणी.

• अपवाद सोडायला केंद्राची परवानगी लागत नाही. कॅलिफोर्नियात बैठक आणि संमती नसलेल्यांना सहा महिन्यांची नोटीस लागते, मतदान नाही.

• एकदा सर्वांना खुलं झालेलं, भरलेलं पार्क व्यवहारात पुन्हा ५५+ करता येत नाही.

• युकाइपाच्या २०१२ च्या निकालानुसार आजचं ज्येष्ठांचं पार्क तसंच राखण्याचा नियम शहराला करता येतो, पण बदल होण्याआधी.

• पार्क खुलं झाल्यावर फक्त मुलांवर बंधनं घालणारे नियम बेकायदा ठरू शकतात.